खिशात झोपणारं घड्याळ

प्रसेनजितदादाचे आभार मानायचे तर आधी त्याच्याशी केलेलं भांडण सांगावं लागेल.

रिसोडच्या बसस्टँडमागे त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कोडिंग तो मोबाईलवर व्हिडिओ बघत शिकला. आम्हा पोलीस भरतीवाल्यांसाठी त्यानं हौसेनं वेबसाइट बनवली आणि तिच्यात स्टॉपवॉच बसवलं. त्या स्टॉपवॉचचं त्याला भारी कौतुक. "एकदा बनवलं, आता कोनत्याबी पेजवर लावता येते," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

आमचा सराव घ्यायचे दौलतराव सर, निवृत्त पीटी शिक्षक. टाळ्या वाजवून पळवायला त्यांना दोन्ही हात मोकळे लागत. शिट्टी झाली की स्टॉपवॉच सुरू करायचे, मोबाईल सदऱ्याच्या खिशात टाकायचे, आणि आम्ही जवळ आलो की बाहेर काढायचे.

आठशे मीटरला माझा टाइम दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद दाखवायचा. पूर्ण गुणांना दोन पन्नास पुरत होते. गावी, किन्हीराजात, माझ्या आईनं शेजारणींना सांगूनही टाकलं, पोरगी वर्दीतच समजा. मीही हवेतच होते.

भरतीला दोन महिने उरले तेव्हा एका सकाळी दादा मैदानावर आला. त्याची बायको पल्लवी शिकवणी घेते. तिच्या सराव परीक्षेला त्यानं तेच स्टॉपवॉच लावलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात तास भरला, तरी मोबाईलवर पन्नासच मिनिटं झालेली. स्क्रीन बंद पडली की स्टॉपवॉच मोजणंच सोडत होतं. सरांच्या खिशातही रोज हेच घडत होतं.

"माह्यं चुकलं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तुमचे टाइम कमी दिसून राह्यले."

माझं डोकंच फिरलं. "इतके दिवस झोपला होता का तू? आता सांगून राह्यला?"

आणखीही बरंच बोलले. त्यानं तिथंच लॅपटॉप उघडला. एकेक सेकंद मोजत बसण्यापेक्षा सुरुवातीची वेळ टिपून ठेवायची आणि शेवटी वजाबाकी करायची, एवढाच बदल. सरांनी पुन्हा पळवलं. दोन अठ्ठावन्न. मी मातीत बसून रडले.

दुसऱ्या दिवसापासून दादा रोज मैदानावर यायला लागला. टाळ्या सरांच्या, मोबाईल दादाच्या हातात, डोळ्यांसमोर. सेकंद एकेक करून कमी झाले, काही आठवडे तर हललेच नाहीत. भरतीत मी दोन अठ्ठेचाळीसला आले.

ट्रेनिंग संपवून परतले तेव्हा घरी जायच्या आधी त्याच्या दुकानात गेले.

"दादा, त्या दिवशी लय बोलली मी तुले."

"मंग काय झालं? बरोबरच बोलली तू."

तो गप्प राहिला असता तर त्याला कुणी एक शब्द बोललं नसतं. मला मात्र माझा खरा टाइम भरतीच्या मैदानावर कळला असता.

पाया पडू देणार नाही, हे ठाऊक होतं. म्हणून दुकानातल्या गर्दीसमोर टाचा जुळवल्या आणि त्याला कडक सॅल्यूट ठोकला.