कोपरा कापलेला एक्स-रे

इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा बॅगेत काय न्यायचं ते मला नगरमधल्या आमच्या अर्ध्या सावेडीने सांगितलं. कुकर इथूनच ने. काळा मसाला ने, पण फुटणार नाही असा बांध. स्वेटर इथे घेऊ नकोस, त्या थंडीला ते पुरणार नाहीत. जी बाई पुण्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती तिनेही मला तिकडच्या पावसाबद्दल बजावलं. छातीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं.

मी नर्स आहे. नगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागात माझी बरीच वर्षं गेली. इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. मग नर्सिंगची ऑनलाइन परीक्षा, कौन्सिलचे शिक्के, पोलिसांचा दाखला. पासपोर्टवर जिल्ह्याचं नाव जुनं आणि दाखल्यावर नवं, ही दोन्ही एकाच जिल्ह्याची नावं आहेत हेही परदेशातल्या कुणाला तरी पटवून द्यावं लागलं. शेवटी तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र आलं, वॉर्ड ठरला, रुजू व्हायची तारीख ठरली. नवरा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. तो आणि आमची सात वर्षांची मुलगी माझ्या व्हिसावर येणार होते. व्हिसाच्या भाषेत नवरा माझा 'डिपेंडंट'. हा शब्द त्याला आवडला नव्हता आणि सासूबाईंना तर मुळीच नाही, पण इंग्लंड आवडलं होतं. मी राजीनामा दिला, त्याने दिला, मुलीचा शाळेतून दाखला काढला. परतीची वाट आम्ही आमच्याच हातांनी बंद केली होती.

राहिली होती टीबीची तपासणी. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांना छातीचा एक्स-रे काढावा लागतो, त्याशिवाय व्हिसाचा अर्जच पुढे सरकत नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सगळे म्हणायचे, पुण्याला जा, फोटो काढ, संध्याकाळी घरी ये, त्यात काही नाही. पण माझ्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला काय दिसणार आहे हे मला चांगलं माहीत होतं.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मला टीबी झाला होता. वॉर्डात ड्युटी करतानाच कुठेतरी लागला असणार. संध्याकाळचा ताप, खोकला, ड्रेस खांद्यावरून घसरायला लागलेला. जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावी गेले तेव्हा वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आईला म्हणाले, "सरकारी दवाखान्यात न्यायचं न्हाई. तिथं नाव लिवत्यात. मंग बाया घरी येत्यात इचारायला, गोळ्या घेतल्या का म्हणून. साऱ्या गावाला कळतंय."

ते मला बार्शीला एका खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून जामखेडची नेहमीची एसटी सोडून आडवाटेने टमटम बदलत गेलो. तिथे नाव विचारलं तेव्हा वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवीकडे बघितलं आणि तिचंच नाव सांगून टाकलं. गावही दुसरंच सांगितलं. सहा महिने मी त्या नावाने बरी होत राहिले. गावात सांगितलं, टायफॉइड उलटला. होस्टेलवर मी गोळ्या शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात लपवायची. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. कुणी मागे आत जायच्या आधी मी बादलीभर पाणी ओतायची. नर्सिंगची मुलगी, पेशंटला 'लपवू नका, वेळेवर सांगा' असं पाठ म्हणून दाखवणारी.

स्थळ आलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "काही दुखणंखुपणं?" वडील हसून म्हणाले होते, "एकदा टायफॉइड झाल्ता, बाकी पोरगी ठणठणीत."

पुण्याच्या त्या क्लिनिकमध्ये डॉक्टर माझ्यापेक्षा लहान मुलगी होती. नवरा बाहेर बसला होता. तिने कागदावरून एकेक प्रश्न विचारला आणि मग तो आला. "पूर्वी कधी टीबी झाला होता का?"

नाही म्हणायची मी आठवडाभर तालीम केली होती. पण तिच्यामागच्या पडद्यावर माझीच छाती उजेडात लावलेली होती. मी हो म्हणाले. तिने मान वर केली नाही, नुसतं लिहिलं. मला तिचा फार आधार वाटला.

"औषधं पूर्ण केल्याचे कागद?"

"नाहीत."

"जुना एक्स-रे? तो असला तर शेजारी ठेवून बघता येईल. डाग तेव्हापासून तसाच आहे असं दिसलं तर पुढचं सोपं होईल. नाहीतर थुंकी कल्चरला पाठवावी लागेल. दोन महिने."

माझी रुजू व्हायची तारीख दोन महिन्यांच्या आतली होती.

नवऱ्याला परतीच्या एसटीत सांगितलं. शिरूर गेल्यावर तोंड उघडलं. तो म्हणाला, "लग्नाआधी?" मी म्हणाले, हो. "तुझ्या वडिलांना माहीत होतं?" "त्यांनीच लपवलं."  सुपा आल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आता व्हिसाचं काय?"

हा माणूस मुलांना विज्ञान शिकवतो. जंतू कसा पसरतो, औषधाने कसा मरतो, हे त्याला माझ्याइतकंच तोंडपाठ आहे. मला वाटलं होतं चिडेल, भांडेल, निदान विचारेल की तेव्हा एकटीने कसं काढलंस. मला त्याचा त्या क्षणी इतका राग आला की नगर येईपर्यंत मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

घरी गेल्यावर त्याने आईला सांगितलं आणि माझा कप वेगळा झाला. हिरव्या फुलांचा, कान तुटलेला, मोलकरणीसाठी ठेवलेला कप. मी सासूबाईंना समजावून सांगितलं की बरा झालेला टीबी असा लागत नाही. त्या म्हणाल्या, "असू दे गं, काळजी घेतलेली बरी." रात्री त्यांनी मुलीचं अंथरूण आपल्या खोलीत नेलं. माझं हॉलमध्ये आलं. मुलीने का म्हणून विचारलं तर तिला सांगितलं, आईला खोकला आहे. मला खोकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते आणि सासूबाई आत त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "फसवलंय गं आपल्याला. एरवी मी एक दिवस ठेवली नसती. पण आत्ता काही बोलायची सोय नाही. सगळे तिच्याच व्हिसावर जायचेत ना."

ओला टॉवेल तसाच हातात राहिला. नवरा मिळावा म्हणून वडिलांनी आजार लपवला. लपवला म्हणून व्हिसा अडकला. आणि आता नवरा टिकला होता तो व्हिसाच्या आशेवर. हे सगळं माझ्याच छातीवरून चाललं होतं आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

मी गावी गेले. वडील पडवीत खाटेवर बसले होते. म्हटलं, बार्शीचे कागद द्या.

"कशाचे कागद?" ते म्हणाले. "तुज्या सुपारीच्या आदल्या दिशी चुलीत घातले की समदे. एक चिठ्ठी ठिवली न्हाई."

"दादा, तेच कागद मागतायत इंग्लंडवाले."

"मला काय सपान पडलं हुतं का, तू इंग्लंडला जाशील म्हणून?"

आई आतून बाहेर आली. म्हणाली, "फोटू हाय की. ग्रहणाचा."

पत्र्याच्या पेटीमागून तिने एक्स-रे काढला. काजळी धरलेल्या काचेसारखा काळा, कडा मोडलेल्या, बोटांचे ठसे उमटलेले. वडिलांनी तो तेवढा जाळला नव्हता, कारण ग्रहण लागलं की गल्लीतली पोरं त्यातून सूर्य बघायला न्यायची. कुणी विचारलं तर तो वारलेल्या आजोबांचा आहे म्हणून सांगायचं ठरलं होतं. सगळ्या गल्लीने माझ्या फुप्फुसातून सूर्य बघितला होता. मी तो उजेडाकडे धरला. माझा डाग तिथेच होता, ओळखीचा. आणि वरचा उजवा कोपरा कात्रीने सरळ कापलेला होता, जिथे नाव आणि तारीख असते.

"नाव कापलं मी," वडील म्हणाले. त्यात त्यांना अजूनही शहाणपणच वाटत होतं. "उगं कुणाच्या हाती लागाय नको."

"ते तरी माझं कुठं होतं!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "मी आजारी पडले तेही माझ्या नावावर ठेवलं नाही तुम्ही. बरी झाले तेही नाही."

ते जराही दबले नाहीत. "तुजं लगीन झालं का न्हाई? चांगल्या घरात पडलीस का न्हाई? सांग की."

तुटक्या कानाचा कप मी त्यांना सांगितला नाही. सांगून काय झालं असतं? त्यांना वाटलं असतं, आपलं लपवणं कुठेतरी कमी पडलं. आईने भाकरी वाढली, ती खाऊन मी बार्शीला गेले. डॉक्टर वारले होते. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. तिथल्या माणसाने विचारलं, कव्हर पाहिजे का.

पुण्याच्या डॉक्टर मुलीने एक्स-रे उजेडावर लावला. बराच वेळ बघितला. "डाग तसाच दिसतोय," ती म्हणाली. "पण हा तुमचाच आहे हे मी कशावरून म्हणू? नाव नाही, तारीख नाही." ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. मग सलग तीन सकाळी उपाशीपोटी जाऊन, बंद खोलीत खोकून, डबीत थुंकी दिली. जन्मभर दुसऱ्यांच्या डब्यांवर नाव लिहिलं. या डबीवर माझं नाव लिहिलेलं बघून मला रडू फुटलं.

तिकडच्या हॉस्पिटलला खरं ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं की उपचार कधी पूर्ण झाले ते कळवा, प्रकृतीची काळजी घ्या, दोन महिने जागा ठेवतो, त्यानंतर ठेवता येणार नाही. मला त्यांचं फार कौतुक नाही, त्यांना नर्स हवी होती. पण 'टीबी' हा शब्द त्यांनी सरळ लिहिला होता, मधुमेह लिहावा तसा. आमच्या घरात तेव्हा त्याला 'ते' म्हणत होते. 'ते'चा रिपोर्ट आला का? 'ते' असलं तर मग काय?

ते दोन महिने मी हॉलमध्ये काढले. नोकरी नव्हती, त्यामुळे जायला जागा नव्हती. नवरा रोज मोबाईलवर क्लिनिकचा ईमेल आला का बघायचा आणि मोबाईल ठेवून द्यायचा. माझी मुलगी दारातून माझ्याशी बोलायची. सगळ्यात जास्त ते लागलं. जागा गेली तर या घरात मला कोण ठेवणार हे मला नीट कळत होतं, आणि त्यांनाही.

रिपोर्ट जागेची मुदत संपायच्या जरासा आधी आला. जंतू नाहीत. मग टीबी नसल्याचा दाखला आला, तिकडच्यांनी रुजू व्हायची नवी तारीख दिली, अर्ज गेला, व्हिसा आला. ज्या दिवशी व्हिसा आला त्या संध्याकाळी मला चहा सगळ्यांसारख्या कपात मिळाला.  हिरव्या फुलांचा कप पुन्हा मोरीजवळ गेला.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी पेढे आणले. आमच्या मजल्यावरची शेजारीण आली, माझ्या मसाल्याच्या पुड्या तिनेच बांधून दिल्या होत्या. ती म्हणाली, "एवढं सगळं ठरलं होतं, मग मध्येच दोन महिने कशाला अडलं हो?"

सासूबाई पेढ्यांचा बॉक्स तिच्यापुढे करत म्हणाल्या, "अगं, हिला टायफॉइड झाला होता ना."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान डोलावली. टायफॉइड. तोच. माझ्या वडिलांचं आणि माझ्या सासूचं एकमेकांशी कधी पटत नाही, पण आजार दोघांनी एकच निवडला होता.

"टायफॉइड नव्हता," मी म्हणाले. "टीबी होता. पूर्वी झाला होता, औषधं घेऊन बरा झालाय. त्याचीच तपासणी चालली होती."

शेजारणीच्या हातात पेढा होता. तोंडापर्यंत गेलेला हात थांबला. "हो का," ती म्हणाली, आणि गॅस चालू राहिलाय असं काहीतरी पुटपुटत पेढा अलगद बॉक्समध्ये ठेवून गेली.

"जाता जाता नाक कापलंस आमचं," सासूबाई म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "काय गरज होती?"

मी बॉक्समधून तिने ठेवलेला तोच पेढा उचलला, अर्धा मुलीला दिला आणि अर्धा मी खाल्ला.