देवाची बाटली आणि भातगिरणीचं इंजिन

लढाईचे दिवस होते. टाकवे बुद्रुकच्या भातगिरणीत मी इंजिन चालवायचो आणि डिझेलची मारामार होती... मिळालं तर मिळालं.

त्या सकाळी डोंगरावरच्या ठाकरवाडीतून सखूमावशी आल्या, मागे भाताचं पोतं घेऊन त्यांचे धाकटे भाऊ भिवाभाऊ. दुसऱ्या दिवशी मावशींच्या लेकीचं लग्न. एरवी त्या भात घरीच कांडायच्या, पण पडून मनगट मोडलं होतं. शेजारणींनी कांडलेला तांदूळ पाहुण्यांना पुरणार नव्हता.

टाकीच्या तळाला जेमतेम डिझेल होतं. पण मावशींच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. इंजिन सुरू केलं, डिझेल अगदी हात राखून सोडलं... बिचारं धापा टाकायला लागलं.

भिवाभाऊंच्या पिशवीत लग्नासाठी आणलेली देवाची बाटली होती. मोहाची दारू, पहिल्या धारेची. लग्नाच्या मांडवात देवापुढे तिची धार सोडायची, त्याशिवाय वाडीत लग्न लागत नसे.

"ह्यो बी देवच हाय, तान्हेलाय बगा," म्हणत त्यांनी इंजिन जिथून हवा ओढतं तिथे थोडी धार सोडली. मी ओरडणार, तोच इंजिनाने असा वेग घेतला की पट्टा थरथरला!

मी चाटच पडलो. नुसत्या दारूवर ते चाललं नसतं, पण डिझेल पेटलं की आत गेलेली दारूची वाफही पेटत होती. चिंधीवरून थेंब थेंब सोडत राहिलो तर पोतं निघणार होतं... फक्त बाटली रिकामी होणार होती.

भिवाभाऊंनी बाटली छातीशी धरली.

शेवटी मावशीच म्हणाल्या, "दे रं समदी. देवाची समजूत मी काडीन. पाव्हन्यांची कोन काडनार?"

पोतं निघालं. मावशी मात्र इंजिनाकडे वळून वळून बघत डोंगर चढल्या.

लग्नाच्या दुपारी भिवाभाऊ पत्रावळ झाकून घेऊन गिरणीत आले. मांडवातलं पहिलं पान, देवाचं. ते त्यांनी बंद इंजिनापुढे ठेवलं.

"आक्का म्हनली, देव हितं प्याला, तर जेवाया कुटं जानार?"

मला हसू यायला हवं होतं... पण डोळे भरून आले. पुढे पुष्कळ इंजिनं हाताखालून गेली, त्यांना तेलपाणी सगळं दिलं. एवढ्या मायेने कुणी त्यांना जेवू घातलेलं मात्र पुन्हा पाहिलं नाही.