मामांनी फोडलेला दगड

कुणी दगड आणून दिला की मामा आधी त्याला जीभ लावत. ओल्या जागेवर रेषा उठून दिसते, असं त्यांचं म्हणणं. मग दगड फिरवत खिडकीपर्यंत जायचं, तिथून दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात ते भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते आणि मी तिथे नवीनच शिकवायला लागले होते. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. एका जागी बसलेले मामा मी कधी पाहिले नाहीत.

"मामा, टेका ना जरा."

"दगड बसलेत की, मॅडम. कोणीतरी उभं नको?"

बोरिवलीला कान्हेरीच्या सहलीहून मुलं हटकून 'पानाचा ठसा' घेऊन यायची. दगडावर काळ्या, नाजूक फांद्या. तुम्ही-मी बघितलं तर शपथेवर सांगू की हे जुन्या काळचं झाडच. मामा विचारायचे, "पानाला मधली शीर असते. ह्याला कुठाय? भेगेत पाणी शिरलं, त्यातला काळा क्षार पसरत गेला. झाड नाय हे."

एकाने चांदिवलीच्या खाणीतून डायनासोरचं अंडं आणलं. मामांनी नखाने त्याचे पापुद्रे सोलून दाखवले. "कांदा आहे रे. ऊनपावसाने दगड असाच सुटतो." त्याचं तोंड उतरलं, तेव्हा मामाच कासावीस झाले. "पण आणत जा हां. एखादं खरं निघतं कधीतरी."

स्वतः मामांना ते कधी सापडलं नव्हतं. दर रविवारी ते खाणी पालथ्या घालायचे.

त्यांचं घर घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, अगदी वरच्या ओळीत. मागे उभा कडा आणि कड्यापलीकडे दगडखाण. सुरुंग उडाला की फळीवरची भांडी वाजायची. खाण आणखी वाढणार, वरची ओळ उठवणार, अशी बोलवा होती. त्यातच एका सुरुंगाने घरांमागच्या कड्याचा मोठा पापुद्रा निखळला आणि आत काळी चित्रं दिसली. हात वर करून नाचणारी माणसं, एकामागे एक.

दोन दिवसांत तिथे हार पडले. वस्तीतल्या पुढाऱ्याने मामांना गाठलं. चित्रं पुराणकाळची आहेत असं कॉलेजच्या कागदावर लिहून आणा, खाण बंद पडेल, घरं वाचतील.

मामा माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही बघायला या. मला नीट दिसत नसेल."

मी गेले. अर्धी वस्ती जमली होती. ती माणसं खरंच नाचत होती. मला बघताक्षणीच कळलं काय आहे ते, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

"सांगा, मॅडम," मामा म्हणाले.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मामी त्यांच्या मागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "एकदा होय म्हणा. कोणाचा काय जातला?"

मामांनी कड्यासमोर चार येरझाऱ्या घातल्या. मग घरातून छिन्नी-हातोडा आणला, बाजूच्या बारीक भेगेत छिन्नी ठोकली. ताटाएवढी कपची सुटून खाली पडली. आतल्या ताज्या दगडावरही तीच माणसं, तसेच हात वर.

"भेगेच्या आत जाऊन कोण काढील?" मामा म्हणाले. "पाण्याने काढलंय."

मग पुढारी म्हणाला, "मामा, घर तुमचं पण जाणार."

"म्हायत आसा माका."

पण ते थांबले नाहीत. काळ्या खुणांचा माग काढत कड्याच्या टोकापर्यंत गेले आणि धावत परत आले. "मॅडम, पाणी पार आत पोचलंय. हा कडा अखंड नाय. नुसता टेकून उभा आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी अर्ज लिहिला. तिसऱ्या अर्जाला सरकारी माणसं आली, कडा ठोकून गेली. सुरुंग बंद झाले, पण वरची ओळही रिकामी करायला लावली. अकरा घरं. त्यांना मुलुंडला पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. शेजाऱ्यांनी मामांशी बोलणं टाकलं. मामींनीही महिनाभर टाकलं होतं.

श्रावणात एका दुपारी कडा त्या अकरा रिकाम्या घरांवर आला.

तुम्हाला वाटेल, आता तरी मामांचा जीव थाऱ्यावर आला असेल. उलट झालं. प्रयोगशाळेत येता-जाता विचारायचे, "खालच्या ओळीपर्यंत भेग गेली नसेल ना?" मुलुंडहून दर आठवड्याला जाऊन बघून यायचे. वस्तीत कुणी पाणी विचारत नसे, तरी जायचे. निवृत्त झाल्यावर मामींना घेऊन कुडाळकडे गावी गेले. एक पत्र आलं, त्यातही खालच्या ओळीची चौकशी. माझ्या उत्तराला मात्र उत्तर आलं नाही.

पुढे एकदा मीच त्या डोंगरावर गेले. खालची ओळ जागेवर होती. नळाशी एका बाईने मला ओळखलं.

"आम्ही त्यांना लय बोललो हो," ती म्हणाली. "कडा पडला आणि तोंडं अशी बंद झाली की मामांना पाणी विचारायलाही उघडेनात. मग सकाळी रांगेत मामींचा म्हणून एक हंडा लावायला लागलो. येतील, आल्या तर पाण्यावाचून नको राहायला."

"आल्या कधी?"

"नाय," ती म्हणाली, आणि नळाखालचा भरलेला हंडा तिने बाजूला सरकवला.