पानं बांधलेला फ्लॉवर

पाळी गावात खाणीच्या ट्रकवर कामाला लागलो तेव्हा आठवीत सुटलेली शाळा आणि देवगडकडचं घर, दोन्ही मला सारखीच लांब वाटत होती. घरमालकीण मावशींनी मागची खोली दिली. महिनाभरातच तापाने पडलो, तर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी, काकांनी, पेज पाजून मला उभं केलं. तेव्हापासून या माणसांसाठी काय करू नि काय नको, असं मला होऊन गेलं होतं. विहिरीजवळ एक तुकडा मोकळा पडलेला. दिवाळी झाल्यावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून फ्लॉवरची रोपं आणून तिथे लावली.

दिवसभर ट्रकवरून मीच उडवलेली तांबडी धूळ संध्याकाळी मीच पानांवरून धुवायचो. रोपं जोमाने वाढली. तेवढ्यात ठरलं, की मावशींच्या लेकीचे सासू-सासरे चोपडे गावाहून पहिल्यांदाच जेवायला येणार. नेमका सोमवार, म्हणजे घरात नुस्तं, मासे बंद. नदीकाठच्या माणसांना मासळीशिवाय वाढायचं! मी मोठ्या तोंडाने सांगून बसलो, "मावशी, बाजारातून भाजी आणू नका. आपला फ्लॉवर होतोय."

"मग पानां बांध त्याचीं," मावशी म्हणाल्या.

फ्लॉवरच्या गड्ड्याला ऊन लागलं तर तो पिवळा पडतो, म्हणून बाहेरची पानं वर ओढून केळीच्या सोपटाने बांधतात. माझा जीव उतावीळ. गड्डा धड दिसायच्या आधीच मी सगळ्या झाडांना मुंडासं घालून मोकळा झालो.

"आतां उगडून पळय नाका हां, पुता," मावशींनी बजावलं. मी कशाला बघतोय? रोज नुसता बाहेरून चाचपायचो. आत काहीतरी भरतंय, एवढं कळायचं.

सोमवारी सकाळी मावशी कोयता घेऊन आल्या. पहिली गाठ सोडली. आत हिरवागार गड्डा! दुसरा सोडला, तोही तसाच.

"अरे देवा! कुसलो रे हो!" मावशींना वाटलं, सगळा सडला.

पाहुणे बारापर्यंत येणार, घरात दुसरी भाजी नाही, आणि ती आणू नका म्हणणारा मीच.

काका खाली वाकले, हुंगून म्हणाले, "कुसलो खंय? कुसल्यार वास येतलो. तुझ्या डोळ्यांक मात हिरवें दिसता."

आदल्या रात्री आलेली लेक दात घासत तिथे आली आणि तोंडातला फेस सांभाळत हसायलाच लागली. "गे आई, ही ब्रोकोली! हॉटेलांत घालतात ती. रोपवाल्यान दुसरींच रोपां दिलीं."

"आणि ती पांढरी कधी होतली?" मावशींनी विचारलं.

"केन्नाच ना! ती हिरवीच आसता."

ती करायची कशी, हे लेकीलाही ठाऊक नव्हतं. मावशींनी पदर खोचला. राई, हिरवी मिरची, वर मूठभर ओलं खोबरं. फ्लॉवरची करायच्या तशीच केली. मी मात्र न्हाणीच्या मागे घागरी घासत बसलो, घासलेल्याच पुन्हा घासत. कान सगळे पंगतीकडे.

"विहीणबाई, हिरवा रंग घातलात की काय भाजीत?" सासूबाईंचा आवाज आला. माझा हात थांबला.

"रंग कसलो! आमच्या पुतान परड्यांत पिकयल्या," मावशी ठसक्यात म्हणाल्या.

"मग वाढा की आणखी. सोमवार आहे हे विसरायला झालं."

सासरेबुवांनी तर ताट पुसून घेतलं. पाहुणे सुपारी चघळत ओसरीवर गेले, तेव्हा मावशी रिकामं भांडं घेऊन माझ्याकडे आल्या.

"पळय, तुका एक फोड उरूंक ना." चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मग त्यांनी गुरांना टाकायला ठेवलेले जाड देठ उचलले, साल सोलली आणि फोडणीत परतले. चुलीपुढेच आम्ही दोघं भाताशी ते खायला बसलो. देठ गड्ड्याहून गोड होते, की मलाच तसं लागलं, कोण जाणे.