बेसनाचा नायट्रोजन

जयपूरला रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची, मी नववीत असतानाची ही गोष्ट. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी लाडवांचा नायट्रोजन केला होता. सात बेसनाचे लाडू म्हणजे प्रोटॉन, सात खोबऱ्याचे ते न्यूट्रॉन, आणि भोवती तारेच्या कड्यांवर सात मनुके, ते इलेक्ट्रॉन. आईने सुपारीएवढे लाडू वळून दिले. मी ते टूथपिकांनी थर्माकोलवर बसवले आणि वर रुमाल टाकला.

बाबा गाडीचे गार्ड. सकाळी ड्युटीवरून भुकेलेच आले आणि लगेच मला स्कूटरवरून जवाहर नगरच्या शाळेत सोडायला निघाले. वाटभर गप्प होते. मला वाटलं, थकले असतील.

शाळेत रुमाल काढून मोजते तर बेसनाचे लाडू सहाच. सातव्या जागी नुसती टूथपिक.

शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "एक से क्या फ़र्क पड़ता है?"

एकानेच तर पडतो. सात प्रोटॉन असले की नायट्रोजन, सहा असले की कार्बन. अणूची जात त्या आकड्यावरच ठरते. रडू येत होतं, पण परीक्षक शेजारच्या टेबलापर्यंत पोहोचले होते. मी पाटीवरचा नायट्रोजन खोडून कार्बन लिहिला. मग एक इलेक्ट्रॉन जास्तीचा झाला. तो मैत्रिणीने खाल्ला.

परीक्षक म्हणजे कुठल्याशा कॉलेजातले वयस्कर प्राध्यापक. त्यांनी पांढरे लाडू बोटाने मोजले. "बेटा, कार्बन में न्यूट्रॉन सात?"

"सर, ये भारी वाला कार्बन है," मी म्हणाले. "प्रोटॉन छह हैं, मतलब कार्बन ही हुआ. न्यूट्रॉन से सिर्फ़ वज़न बढ़ता है."

त्यांनी एक बेसनाचा लाडू उचलला आणि शांतपणे तोंडात टाकला. "और अब?"

"बोरॉन, सर."

ते मान डोलावत पुढे गेले. माझ्या उत्तराला की आईच्या लाडवाला, ते कळलं नाही.

माझा दुसरा नंबर आला, पहिला पवनचक्कीचा. संध्याकाळी मी बाबांना जाब विचारला. ते ओशाळले.

"अगं, मला वाटलं, एकाने काय होतंय. पण पांढरा खाल्ला असता तर?"

"चाललं असतं. नायट्रोजनच राहिला असता, जरा हलका."

बाबांनी थोडा विचार केला. "पण खोबऱ्याचा मला आवडत नाही ना," ते म्हणाले.