विष्णू देवकाते, रागीट रहिवासी

विष्णू देवकाते कामाला वाघ, पण त्याला लहानपणापासनं दुसऱ्याच्या ताटातलं मोठं दिसायचं. दहिवडीकडं गावात असताना चुलत्याची म्हैस ज्यादा दूध देते असं कुणी म्हणायचा अवकाश, हा गडी पहाटं चुलत्याच्या गोठ्यात हजर. धार संपेस्तोवर चरवीत डोकावत उभा. चुलता म्हणायचा, "इष्ण्या, लांब हो जरा, तुझ्या नजरंनं दूध नासंल." म्हैस काही आटली नाही, पण विष्णूची नजरही सुधारली नाही. तीच नजर घेऊन तो बर्मिंगहॅमला आला.

आला तो बायकोच्या मागनं. मीनाक्षी नर्स, तिला हॉस्पिटलात नोकरी लागली. व्हिसा तिचा, हा डिपेंडंट. घरात बसून भिंती किती बघायच्या? ह्यानं कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, पार्क खात्यात गवत कापायच्या टोळीत नाव घातलं. आधी मशीन ढकललं, मग मशीनवर बसला, मग टोळीचा मुकादम झाला, आणि चांगली दहा-बारा वर्षं घासल्यावर एका पार्कचा मॅनेजर. गळ्यात ओळखपत्र, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कुठला बेंच हलतो, झोपाळ्याची कुठली कडी कुरकुरते, बोलिंगच्या, म्हणजे गोळे घरंगळवायच्या खेळाच्या हिरवळीवर कुठला म्हातारा कुठल्या म्हाताऱ्याशी बोलत नाही, हे सगळं त्याला ठाऊक. सुखानं दोन घास खात होता.

मग अनुराधा आली.

अनुराधा पुण्याची, वयानं बरीच धाकटी. शेजारचं पार्क तिच्याकडं दिलं. आल्या आल्या म्हणाली, "विष्णूदादा, मला जरा काम दाखवाल का?" विष्णूनं मोठ्या मनानं दाखवलं. अगदी गवताचं मशीन थंडीत चालू कसं करायचं इथपासनं. वर्ष सरायच्या आत हिच्या पार्कात बायकांचं क्रिकेट सुरू, म्हाताऱ्यांचा चहा सुरू, आणि कौन्सिलच्या वार्तापत्रात हिचा फोटो. गमबूट घालून, झाडाला टेकून, हसणारा. विष्णूनं तो फोटो नाकाशी धरून बघितला.

"बुटाला चिखल कुठाय? नवं कोरं दिसत्यात," तो मीनाक्षीला म्हणाला.

"तुम्ही तिचं बूटच बघा," मीनाक्षी म्हणाली. "पोटात दुखत असंल तर डब्यात ओवा हाय."

अशात शहराच्या उत्तर भागातल्या सगळ्या पार्कांवर एक एरिया मॅनेजर नेमायचं निघालं. अर्ज दोघांचेच, ह्याचा आणि तिचा. साहेब ग्रॅहम म्हणाला, "मिल्टन कीन्सला मॅनेजरांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग आहे, दोघं जा. तिथली शिकवणारी बाई काय कळवते ते बघून ठरवतो." विष्णूनं त्या दिवशीच मनातल्या मनात त्या खुर्चीवर बसून पाहिलं. बरी बसत होती.

जायला अनुराधानं त्याच्याच गाडीत जागा मागितली. नाही कसं म्हणायचं? मोटारवेवर ती म्हणाली, "दादा, तुमचाच नंबर लागणार बघा." विष्णूनं गिअर बदलला. मनात म्हणाला, खात्री असल्याबिगर ही असं बोलायची न्हाय.

हॉटेलातला मोठा हॉल. देशभरातनं आलेले पार्कवाले, एक स्कॉटलंडचा दाढीवाला तर बिस्किटांच्या ताटापाशीच तळ ठोकून. शिकवणारी बाई हेझल. तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी ऐका, ऐकलेलं परत सांगा, मग बोला, आणि जमणार नाही ते कबूल करू नका. तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी कसं वागायचं, त्याचं हे औषध.

पहिला सगळा दिवस अनुराधाचा हात वर. ती बोलली की हेझल मान डोलवायची, आणि हेझलची मान डोलली की विष्णूच्या छातीत एक काटा रुतायचा. एकदा त्यानंही हात वर केला. पण इंग्रजी वाक्य जुळवून होईस्तोवर विषय झाडांवरनं संडासांवर गेलेला. वर केलेल्या हातानं त्यानं हळूच डोकं खाजवलं.

दुसऱ्या दिवशी सोंगं वठवायची होती. एकानं मॅनेजर व्हायचं, एकानं चिडलेला रहिवासी. प्रसंग असा, की बोलिंगची हिरवळ काढून तिथं कॅफे होणार आहे आणि जन्मभर तिथं खेळलेला म्हातारा भांडायला आलाय. विष्णूच्या वाट्याला म्हातारा आला. समोरची मॅनेजर, अनुराधा.

सुरुवात बरी झाली. "मी इथं वर्षानुवर्षं खेळतोय," विष्णू इंग्रजीत म्हणाला. अनुराधा मान डोलवत ऐकत होती, हुबेहूब हेझलसारखी. ती मान बघून विष्णूच्या डोक्यात सणक गेली. "तुम्ही काल आलात, आणि माझी जागा घेता?" वाक्य तोंडातनं गेलं आणि त्याचं त्यालाच कळलं, हे म्हाताऱ्याचं नव्हे, आपलं आहे. मग मात्र इंग्रजी पुरेना.

"आगं, तुला हितं कोण वळखत हुतं?" तो थेट गावच्या बोलीत सुटला. "मशीन कसं चालू करायचं त्ये म्या दावलं तुला! आन् आता माझ्याच डोस्क्यावर बसाया निघालीस व्हय? बायकांचं क्रिकेट म्हणं! माझ्या मनात आधी आलं हुतं त्ये, बोललो न्हाय म्हणून काय झालं? तू झाडाला टेकून फोटू काढायचा, आन् आमी कुत्र्याचं गू उचलायचं! तुझं इंग्रजी भारी, तुझं हसणं भारी, समदं तुझंच भारी!"

दाढीवाल्याचं बिस्कीट तोंडाशी थांबलं.

अनुराधाचे कान लाल झाले. तिनं एकदा फळ्याकडं बघितलं. मग मराठीतच, सावकाश म्हणाली, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की ही जागा तुमची होती आणि मी मागून येऊन बसतेय."

"व्हय."

"मी तुमच्याकडून शिकले, आणि तुमचं नाव कुठेच घेतलं नाही."

हे विष्णू बोललाच नव्हता. पण आत तेच ठसठसत होतं. "व्हय," तो म्हणाला. आवाज खाली आला.

"ते चुकलं माझं, दादा. घ्यायला हवं होतं. पुढे घेईन."

"आन् जागा?"

"जागा नाही सोडणार. मलाही हवीय ती."

हेझलनं विचारलं, काय म्हणत होते गृहस्थ? विष्णू दाराकडं बघू लागला. अनुराधा हसून म्हणाली, "त्यांचा त्या हिरवळीवर फार जीव आहे."

हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. हेझल फळ्याकडं बोट करत म्हणाली, "बघितलंत? माणूस एवढा पेटलेला, पण हिनं आवाज चढवला नाही. आधी सगळं ऐकून घेतलं, मगच बोलली." विष्णू खुर्चीत बसला तो दगडासारखा. आपल्या हातानं खुर्ची झाडून-पुसून हिला बसायला दिली, हे त्याला कळून चुकलं. वर हिनं आपली अब्रूही राखली. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे राखणं सोसवेना.

परत निघताना तो राउंडअबाउटला एक्झिट चुकला आणि तिथंच गोल फिरत राहिला.

"दादा, दुसरं एक्झिट होतं."

"म्हाईत हाय."

"रागावलात?"

"म्हातारा रागावला हुता. म्या न्हाय."

"बरं. म्हाताऱ्याला सांगा, मला राग आला नाही. वाईट मात्र वाटलं."

विष्णूनं इंडिकेटर दिला आणि दुसऱ्या एक्झिटनं गाडी बाहेर काढली.

जागा अनुराधालाच मिळाली. ग्रॅहमनं सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, आणि ती उठून म्हणाली, "मला हे काम विष्णूदादांनी शिकवलं." टाळ्या पडल्या, लोकांनी वळून विष्णूकडं बघितलं. घरी आल्यावर तो मीनाक्षीला म्हणाला, "बघ, कौतुक करायचा मानबी तिनंच घेतला."

"आवो, तिनं काय केलं म्हंजी तुम्हांला सोसंल?"

तो भाकरी कुस्करत बसला.

पंधरवड्यानं हेझलचा फोन आला. पुढच्या ट्रेनिंगला चिडलेला रहिवासी हवा होता. इतका खरा राग तिनं उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. येशील का?

विष्णूनं आधी विचारलं, "अनुराधाला बोलावलंय?"

"नाही. ह्या कामाला तूच."

विष्णूची छाती रुंदावली. येतो म्हणाला. हेझल खूश होऊन म्हणाली, बरं झालं, आमच्याकडं एकच माणूस होता, लीड्सचा, तोही सुंदर चिडतो, आता तुम्ही दोघं झालात.

विष्णूचा चेहरा उतरला. फोन ह्या कानावरनं त्या कानावर घेत तो म्हणाला, "कोण ह्यो लीड्सवाला? लई वरडतो काय?"

मग तेच त्यानं इंग्रजीत विचारलं.