हुंकाराच्या जागी ‘बट स्टिल’

भिसेगावात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी दुपारी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. मी शिक्षिका नाही. एका कारखान्यात माल पाठवण्याच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. कुठला ट्रक कुठे अडकला, हे चेन्नईपासून दिल्लीपर्यंतच्या माणसांना फोनवर सांगता सांगता इंग्रजी तोंडात बसलं. त्यामुळे माझ्या वर्गात लिहिणं कमी आणि बोलणं जास्त. ज्यांना परीक्षा द्यायची असते त्यांना मी सरळ दुसरीकडे पाठवते.

गेल्या वर्षी कडावची एक बाई यायला लागली. घरी भातशेती आणि म्हशी, नवरा डेअरीत दूध घालणारा. ती स्वतः खालापूरकडच्या एका कारखान्यात खाऊची पाकिटं भरणाऱ्या लाइनवर कामाला. सकाळची शिफ्ट करून परतताना कंपनीच्या बसमधून उतरायची आणि पदराने तोंड पुसत थेट माझ्याकडे यायची. तिचं माझ्याकडचं काम एकदम स्पष्ट होतं. लाइन सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती आणि ती तिला हवी होती. खालून वर चढून त्या जागेवर बसलेली बाई त्या कारखान्यात तोवर एकही नव्हती.

अडचण शिफ्ट बदलतानाची. तिथला मोठा साहेब दक्षिणेकडचा, मराठी शून्य, हिंदी कामापुरती. शिफ्ट सुटताना प्रत्येक लाइनचं एक माणूस त्याच्यासमोर उभं राहून दिवसभरात काय झालं ते इंग्रजीत सांगतं, आणि पुढच्या शिफ्टची माणसं ते ऐकतात. त्याला तिथे हँडओव्हर म्हणतात. साहेबाने तिला सांगितलं होतं, महिनाभर तू हँडओव्हर दे. जमलं तर जागा तुझी, नाहीतर बाहेरून माणूस आणतो.

पहिले काही दिवस फुकट गेले. ती दोन वाक्यं बोलायची आणि साहेब ओके म्हणून पुढच्या लाइनकडे वळायचा. उरलेलं तिच्या तोंडातच राहायचं. एकदा तर मशीन जास्त तापतंय हेच सांगायचं राहिलं. पुढच्या शिफ्टला लाइन बंद पडली आणि बोल तिला लागला. काम चांगलं करते, पण सांगता येत नाही, असं साहेब कुणाला तरी म्हणाला, ते तिने ऐकलं. हे मला सांगताना ती रडली नाही. चिडली होती. मला बरं वाटलं. चिडलेली बाई लवकर शिकते.

मी म्हटलं, चल, आम्ही साहेब, आम्हाला सांग. ती उभी राहिली आणि सगळं धडाधड सांगून मोकळी झाली. मशीन, तापमान, फाटलेली पाकिटं, सगळं. चुका होत्या, पण कुणालाही कळेल असं. मला कोडंच पडलं. जे इथे येतं ते तिथे का येत नाही? पुन्हा सांगायला लावलं आणि या वेळी तिच्याऐवजी ऐकणाऱ्यांकडे बघत बसले.

तेव्हा दिसलं. ती एक वाक्य टाकायची आणि समोर बसलेल्या सगळ्याजणी ‘हं’ म्हणायच्या. मग ती पुढचं टाकायची. पुन्हा ‘हं’. आपल्याकडे कुणी काही सांगत असलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचाच. नाही दिला तर सांगणारा विचारतो, ऐकतेस ना गं? आपलं ‘मग’सुद्धा त्या ‘हं’नंतर येतं. साहेब हुंकार देत नव्हता. ही वाक्य संपवून त्याच्या ‘हं’ची वाट बघत थांबायची, आणि तो समजायचा, हिचं झालं.

मी सगळ्यांना सांगितलं, आता कुणीही ‘हं’ म्हणायचं नाही. मान हलवायची नाही. बाजारात हार्डवेअरचं दुकान असलेल्या घरातली एक खाला वर्गात यायची, वयाने माझ्याहून मोठी आणि जिभेने सगळ्यांहून. ती म्हणाली, “बाई, आमी हं नाय म्हणायचं म्हणजे तोंडाला टाके घालून बसायचं काय?”

“घाला,” मी म्हटलं.

टाके घातल्यासारख्या बसल्या सगळ्या. कडावचीने पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबली. खोलीत नुसता पंखा. तिने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. ती दुसरं वाक्य अर्धंच बोलून खाली बसली. मला हवं होतं तेच झालं. तिची तिला चूक कळली, मला सांगावी लागली नाही.

यावर उपाय मला माझ्या फोनच्या दिवसांतला ठाऊक होता. फोनवर समोरच्याला तुमचं तोंड दिसत नाही, तुम्ही श्वास घेतला तरी तो बोलायला लागतो. म्हणून मी वाक्याच्या शेवटी थांबतच नसे. पुढच्या वाक्याचं टोक आधीच बाहेर काढून मग श्वास घ्यायचा. अँड देन. बट स्टिल. सो नाऊ. बिकॉज युजुअली. नुसतं ‘अँड’ म्हणून भागत नाही, ते ‘अँऽऽ’ करत लोंबकळत राहतं. त्याच्यामागे लगेच दुसरा शब्द आला की ऐकणाऱ्याला पुढे काय येणार तेही कळतं. ‘देन’ म्हटलं की त्याला कळतं, यानंतर आणखी काही झालंय. ‘स्टिल’ म्हटलं की कळतं, अडचण अजून मिटलेली नाही. ‘नाऊ’ म्हटलं की आता त्याने काहीतरी करायचंय. अशा वेळी माणूस उठून जात नाही.

मग आठवडाभर आम्ही दुसरं काही केलंच नाही. एकीने वाक्य म्हणायचं, थांबायच्या जागी अशी दोन शब्दांची जोडी टाकायची, बाकीच्यांनी दगडासारखं बसायचं. विषय जिचा तिने निवडायचा. साहजिकच सगळ्यांनी नवरे निवडले. शेलूला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेली एक मुलगी म्हणाली, ही कम्स लेट बट स्टिल ही इज हंग्री. खालाने तिला मागे टाकलं. माय हजबंड इज गुड मॅन, बट युजुअली ही इज इन द शॉप. दगडासारखं बसायचा नियम तेवढ्यापुरता मोडला.

कडावची हसत नव्हती. साहेबाने दिलेला महिना संपत आला होता. तिने ‘बट लकिली’ भलत्या जागी वापरलं, एका हेल्परचं बोट चेपलं त्या वाक्यात, तेव्हा मी तिला थांबवून अर्थ सांगितला. तिने ते पुन्हा पुन्हा घोटलं. गोठ्यात धार काढतानाही म्हणत असे. सासू म्हणाली म्हणे, म्हशीला इंग्रजी कळायला लागलं तर दूध कोण देईल? तरी त्याच सासूने संध्याकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला, तेही मला तिच्याकडूनच कळलं.

महिना संपायच्या थोडं आधी ती वर्गात आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. त्या दिवशी तिच्या लाइनवर पाकिटं सील करणारं मशीन अडलं होतं. लाइनवरच्या बायकांनी ते साफ केलं, ते चालू झालं, पण पाकिटाची एक बाजू दाबली की उघडत होती. भरलेला माल ट्रकच्या दिशेने निघालेला. हँडओव्हरला ती उभी राहिली. मशीन स्टॉप्ड अँड देन वुई क्लीन्ड इट, म्हणाली, इट इज रनिंग, म्हणाली, आणि जुन्या सवयीने थांबली. साहेब ओके म्हणून वळला. पाठ दिसली तिला त्याची.

“मग?” खाला म्हणाली. नियम विसरलीच ती.

“मंग मी जोरात म्हटलं, बट स्टिल.”

साहेब थांबला. नुसता थांबला नाही, परत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिने एका दमात सांगितलं, बट स्टिल वन साइड इज ओपनिंग, सो नाऊ प्लीज डोन्ट सेंड दॅट लॉट. त्याने एक पाकीट मागवून स्वतः दाबून पाहिलं. उघडलं. माल तिथेच थांबवला.  आणि त्यानंतर रोज तिचं होईपर्यंत तो उभा राहिला.

मी तेव्हा वर्गात एवढंच म्हटलं की ठीक आहे, बसा आता. बायका चढून बसतात जास्त कौतुक केलं की. पण स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले आणि तिथे दोन मिनिटं एकटीच हसत उभी राहिले, हे लिहून टाकायला हरकत नाही.

महिना संपल्यावर साहेबाने तिला केबिनमध्ये बोलावलं. जागा तुझी, सोमवारपासून सेकंड शिफ्ट घेशील का, असं विचारलं. मी असते तर होच म्हटलं असतं, आणि बाकीचं नंतर बघितलं असतं. तिने तसं केलं नाही. रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस फक्त खोपोलीच्या बाजूला जाते. कर्जतकडच्या बायका म्हणूनच ती शिफ्ट घेत नाहीत. तिने साहेबाला सांगितलं, येस सर, बट फर्स्ट वुई नीड वन गाडी फॉर कर्जत साइड.

‘बट फर्स्ट’ ही जोडी मी शिकवली नव्हती. आमच्या वर्गात ती तोवर कुणीच म्हटली नव्हती. तिची तिने बनवली, आणि तीही अशा जागी की जिथे बहुतेक माणसं नुसतं थँक्यू म्हणून बाहेर येतात. साहेबाने विचारलं, किती बायका आहेत? तिने सांगितलं, गाडी असेल तर पुष्कळ.

गाडी सुरू झाली. सोमवारी नाही, पुढच्या आठवड्यात, आणि तेवढे दिवस तिने सकाळचीच शिफ्ट केली. आता गाडी कर्जतला चारफाट्यावर थांबते आणि मग कडावपर्यंत जाते. तिच्या मागोमाग सेकंड शिफ्टला लागलेल्यांपैकी तिघीजणी आता दुपारी कामावर जायच्या आधी माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी मला वर्गाची वेळ अलीकडे घ्यावी लागली आहे आणि माझं जेवण रोज उशिरा होतं.